आई कोण? मध्ययुगीन वेल्समधील गादीचा वारसा आणि राजघराण्यांच्या सोयरिकी

11 एप्रिल 1240 रोजी उत्तर वेल्समधील आबेरकॉनवीच्या मठात लिवेलिन आप योरवर्थ हा वृद्ध राजा मरण पावला. सुमारे चाळीस वर्षे त्याने वेल्सच्या बहुतेक भागावर वर्चस्व गाजवले होते आणि त्याचे लोक त्याला ‘थोर लिवेलिन’ म्हणत. त्याला दोन मुलगे होते. थोरला ग्रिफिद वयाने बराच मोठा आणि लढवय्या होता. त्याची आई तांगविस्तल ही वेल्श होती, पण चर्चच्या विधीने तिचे लिवेलिनशी लग्न झालेले नव्हते. धाकटा दाविद हा इंग्लंडचा राजा जॉन याच्या मुलीच्या पोटी जन्मलेला होता. वेल्सच्या जुन्या कायद्याने पाहिले तर दोघेही बापाचे मुलगे होते आणि दोघांचाही वारशावर हक्क होता. बापाने मात्र हयातभर खटपट करून एकट्या दाविदला गादी मिळेल अशी व्यवस्था करून ठेवली होती. ही व्यवस्था सात वर्षेही टिकली नाही, आणि बेचाळीस वर्षांनी वेल्सचे स्वातंत्र्यच संपले.

वेल्सच्या या पतनाचे एक सोपे कारण नेहमी सांगितले जाते: वेल्श लोक वारसा सगळ्या मुलांत वाटून टाकत, म्हणून राज्ये फुटत गेली आणि इंग्रजांनी ती एकेक करून गिळली. या सांगण्यात काही तथ्य आहे, पण ते अपुरे आहे, आणि मला ते अन्यायकारकही वाटते. खरी अडचण वाटणीत तितकीशी नव्हती. गादीवर हक्क सांगणाऱ्यांची यादी कुठे संपते, हे ठरवणारा पक्का नियम नव्हता आणि अडचणीचे मूळ तिथे होते. तो नियम घडवण्यासाठी राजांनी आपल्या विवाहांचा उपयोग केला. मुलाची आई कोण, यावर त्याचा हक्क ठरावा असा प्रयत्न केला. मात्र असा नवा नियम टिकवायला बाहेरचा साक्षीदार लागतो. तो साक्षीदार इंग्लंडचा राजा ठरला, आणि पुढे न्याय देण्याचा अधिकारही त्यानेच आपल्याकडे घेतला.

पुढे जाण्याआधी नावांविषयी थोडे सांगायला हवे. वेल्श नावांतील ‘आप’ किंवा स्वरापूर्वीचे ‘आब’ म्हणजे ‘याचा मुलगा’, आणि ‘वेर्ख’ म्हणजे ‘याची मुलगी’. लिवेलिन आप योरवर्थ म्हणजे योरवर्थचा मुलगा लिवेलिन. आडनाव नाही, गावाचे नाव नाही, फक्त बाप. तोही पुरेसा नसेल तर त्याच्यापुढे आजा. माणसाची ओळख वंशावळीतून पटवणाऱ्या या समाजात वंशावळ पाठ असणे हे भाटांचे आणि न्यायशास्त्र्यांचे कामच होते. (लिवेलिनमधला पहिला ‘ल’ आपल्या ‘ल’सारखा नाही, जीभ वरच्या दातांमागे टेकवून दोन्ही बाजूंनी फुंकर सोडली की तो जमतो. देवनागरीत त्याला अक्षर नाही, म्हणून इथे नाइलाजाने साधा ‘ल’ वापरला आहे.)

तेव्हाचा वेल्स हे एक राज्य नव्हते. वायव्येला डोंगराळ ग्विनेद, पूर्वेला इंग्लंडच्या सीमेला लागून पोविस आणि नैर्ऋत्येला देहायबार्थ ही तीन मोठी राज्ये होती, आणि त्यांच्या आसपास लहान लहान मुलूख होते. 1066 नंतर इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन सरदारांनी सीमेवर आणि दक्षिणेच्या सपाट प्रदेशात आपल्या जहागिऱ्या उभ्या केल्या. हे सीमावर्ती सरदार इंग्लंडच्या राजाचे मांडलिक असले तरी आपापल्या मुलखात जवळजवळ राजेच होते. वेल्श राजांच्या मुली ज्या घरांत दिल्या गेल्या आणि ज्या घरांतून सुना आणल्या गेल्या, त्यांत या सरदारांची घरे पुष्कळ आहेत.

कायदा काय सांगत होता

वेल्सचा कायदा ‘हवेल दा’ याच्या नावाने ओळखला जातो. ‘दा’ म्हणजे चांगला. हवेल हा दहाव्या शतकातला राजा. त्याचा मृत्यू 950 च्या सुमारास झाला. आज उपलब्ध असलेल्या कायद्याच्या पोथ्या मात्र तेराव्या शतकापासूनच्या आहेत, त्यामुळे त्यांतले किती हवेलचे आणि किती नंतरच्या शास्त्र्यांचे, हे वेगळे काढणे अवघड आहे. खुद्द हवेलला राज्य कसे मिळाले तेही पाहण्यासारखे आहे. त्याचा आजा रोद्री याने विरासतीने आणि सोयरिकीने मुलूख जोडला होता, आणि हवेलने दिवेदच्या राजाची मुलगी एलेन हिच्याशी लग्न केल्यावर दिवेदही त्याच्या हाती आले. वेल्श कायद्यात मुलीला बापाच्या जमिनीत सामान्यतः वाटा नव्हता; तरीही राजकन्येशी लग्न झाले की जावयाच्या दाव्याला वजन येई. कायदा आणि व्यवहार यांतली ही फट पुढे सतत दिसत राहते.

जमिनीच्या वारशाचा नियम साधा आणि विचारपूर्वक केलेला होता. बाप गेला की त्याची जमीन सर्व मुलांत समान वाटली जाई. धाकट्याने वाटे पाडायचे आणि थोरल्याने आधी निवडायचे, मग त्याच्याहून लहान भावाने, अशी रीत होती. ज्याने वाटे पाडले त्याला शेवटचा वाटा मिळणार, म्हणून तो ते सारखेच पाडणार. पुढे चुलत भावांची पिढी आली की त्यांना, आणि त्यांच्यानंतरच्या पिढीलाही, जमिनीची पुन्हा समान वाटणी मागता येत असे.

यात मुलगा कोणाला म्हणायचे, हा कळीचा प्रश्न होता. वेल्श कायद्यात स्त्री-पुरुषांच्या एकत्र येण्याचे नऊ प्रकार सांगितले आहेत. घरच्यांनी रीतसर लावून दिलेल्या लग्नापासून उघड किंवा लपून जुळलेल्या संबंधांपर्यंत अनेक प्रकार त्यांत येतात आणि प्रत्येकातून स्त्रीला काही ना काही हक्क मिळतात. सात वर्षे एकत्र राहिल्यानंतर जोडपे विभक्त झाले तर बायकोला निम्मी मालमत्ता मिळे. अशा समाजात औरस आणि अनौरस ही रेघ चर्चच्या कायद्याइतकी ठळक असणे शक्यच नव्हते. बापाने मुलाला आपला म्हणून स्वीकारले, किंवा आईने ठरलेल्या विधीने शपथ घेऊन ते सिद्ध केले, की तो मुलगा इतर मुलांच्या बरोबरीचा. उत्तर वेल्समधील एका कायद्याच्या पोथीत हा फरक स्पष्ट नोंदवला आहे: चर्चच्या कायद्याप्रमाणे लग्नाच्या बायकोच्या थोरल्या मुलालाच बापाची जमीन मिळते, पण हवेलचा कायदा ती थोरल्याप्रमाणे धाकट्यालाही देतो आणि बापाचे पाप मुलाच्या हक्काच्या आड येऊ देत नाही. या शेवटच्या विचारात मोठी माणुसकी आहे. परक्या पाद्र्यांनी या कायद्याची निंदा केली, तरी तो रानटीपणाचा नमुना नव्हता, हे आवर्जून सांगावेसे वाटते.

राजगादीचे मात्र वेगळे होते, आणि गैरसमज नेमका इथे होतो. कायद्याच्या पोथ्यांत राजपद वाटून द्यायला सांगितलेले नाही. राजानंतर जो राज्य करणार त्याला ‘एदलिंग’ म्हणत. हा शब्द इंग्रजांच्या जुन्या भाषेतून आलेला आहे. तो राजाचा मुलगा किंवा पुतण्या असावा, दरबारात राजाराणीनंतर सर्वांत मोठा मान त्याचा, असे पोथ्या सांगतात. म्हणजे वारस एकच. पण राजघराण्यातल्या इतक्या पुरुषांपैकी तो कोण, हे बांधून दिलेले नव्हते. थोरलेपण, पराक्रम, बापाची मर्जी, आईच्या माहेरचे बळ आणि प्रत्यक्ष घटकेला हाताशी असलेली माणसे, या सगळ्यांतून ते ठरे. समर्थ राजाच्या हयातीत हे खपून जाई. तो गेला की प्रत्येक मुलगा, पुतण्या आणि चुलतभाऊ दावेदार होई, आणि समेट झालाच तर तो मुलूख वाटून घेऊन होई. पोविसचा राजा मादोग 1160 मध्ये मेला, त्याचे राज्य मुलगे, भाऊ आणि पुतणे यांच्यात विभागले गेले आणि पुन्हा कधी एक झाले नाही.

सख्खे, सावत्र आणि दूधभाऊ

अकराव्या शतकातील अंगारादची हकीकत पाहिली की आईचे महत्त्व लक्षात येते. ती देहायबार्थचा राजा मारेदिद याची मुलगी. तिचा पहिला नवरा लिवेलिन आप सेसिल. त्याच्यापासून तिला ग्रिफिद हा मुलगा झाला. (हा ग्रिफिद आणि आरंभी आलेला ग्रिफिद यांच्यात दोनशे वर्षांचे अंतर आहे; वेल्श राजघराणी तीच नावे पुन्हा पुन्हा ठेवत.) 1055 ते 1063 या काळात संपूर्ण वेल्सवर सत्ता असलेला हा एकमेव वेल्श राजा. दुसऱ्या लग्नातून अंगारादला ब्लेदिन आणि रिवालन हे मुलगे झाले. 1063 मध्ये इंग्लंडच्या हॅरल्डने स्वारी केली, ग्रिफिदला त्याच्याच माणसांनी मारले, आणि ग्विनेद व पोविस या सावत्र भावांच्या हाती गेले. त्यांच्या बापाकडे राजवंश सांगण्यासारखा नव्हता. त्यांच्या दाव्यामागे आई होती. 1070 मध्ये ग्रिफिदचे मुलगे या सावत्र काकांवर चालून आले, आणि मेखाइनच्या लढाईत दोन्ही मुलगे आणि रिवालन हा काका असे तिघेही संपले. ग्रिफिदची बायको एल्दगिथ ही इंग्लंडमधील मर्सियाच्या अर्लची मुलगी होती. नवरा गेल्यावर तिचे लग्न झाले ते त्याच हॅरल्डशी, आणि 1066 मध्ये इंग्लंडचा राजा झालेला तोही त्याच वर्षी हेस्टिंग्सच्या लढाईत नॉर्मनांपुढे पडला. तीन वर्षांच्या अंतराने दोन राजांची विधवा झालेल्या या स्त्रीला त्या सोयरिकींत काही विचारले गेले असेल, असे मला वाटत नाही.

भावाभावांतल्या वैराला आणखी एक गोष्ट कारणीभूत होती. राजाच्या मुलांना लहानपणी वेगवेगळ्या प्रतिष्ठित घरांत वाढवायला देण्याची रीत होती. त्यामुळे सख्खे भाऊ एकत्र वाढतच नसत. प्रत्येकाचे खरे भाऊ म्हणजे दूधभाऊ, आणि आपण वाढवलेला मुलगा गादीवर बसावा यासाठी तो सबंध परिवार जिवावर उदार होई. बाराव्या शतकाच्या अखेरीस वेल्सचे वर्णन लिहिणाऱ्या जेराल्ड या धर्मगुरूने हे नेमके हेरले होते. तो स्वतः देहायबार्थच्या नेस्त या राजकन्येचा नातू होता, म्हणजे घरातूनच बोलत होता.

1170 मध्ये ग्विनेदचा ओवाइन हा बलाढ्य राजा मेला तेव्हा हे सगळे एकाच वेळी उघड्यावर आले. ओवाइनला अनेक स्त्रियांपासून पुष्कळ मुलगे होते. त्याची नंतरची बायको क्रिस्तिन ही त्याची सख्खी चुलत बहीण होती, आणि इतक्या जवळच्या नात्यातले लग्न चर्चला मान्य नव्हते. कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट आणि खुद्द पोप यांनी तिला सोडण्यासाठी दबाव आणला. ओवाइनने ऐकले नाही, आणि तो धर्मबहिष्कृत अवस्थेतच मेला. तरी बँगरच्या पाद्र्यांनी त्याला आपल्या कॅथीड्रलमध्ये पुरले. राजाच्या नजरेत क्रिस्तिन ही राणी होती आणि प्रजेच्याही. त्याचा मुलगा हवेल हा एका आयरिश स्त्रीच्या पोटचा. कवी म्हणून आणि योद्धा म्हणून त्याची कीर्ती होती. बाप जाताच क्रिस्तिनच्या दाविद आणि रोद्री या मुलांनी पेंत्राएथ येथे त्याला ठार केले. त्याच्या बाजूने लढताना त्याचे दूधभाऊही पडले, आणि त्यांच्यापैकीच एक असलेल्या पेरिफ या कवीने रचलेले शोकगीत आजही वाचायला मिळते. त्याआधी 1152 मध्ये ओवाइनने स्वतःच्या पुतण्याचे डोळे काढून त्याला नपुंसक केले होते, जेणेकरून तो ना राज्य करू शकेल, ना दावेदार जन्माला घालू शकेल. भाऊबंदकी हा शब्द आपण शेताच्या बांधावरून चालणाऱ्या तंट्यांसाठी वापरतो; इथे तिचे रूप किती भीषण होते ते यावरून कळते.

जॉनची मुलगी

या रक्तातून वर आलेला माणूस म्हणजे लिवेलिन आप योरवर्थ. तो ओवाइनचा नातू. बापाच्या मृत्यूनंतर काका ग्विनेद वाटून घेऊन बसले होते, आणि 1194 पासूनच्या काही वर्षांत त्याने ते त्यांच्या हातून काढून घेतले. पेंत्राएथच्या लढाईतला दाविद हा यांपैकीच एक काका. 1174 मध्ये त्याने इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीची अनौरस सावत्र बहीण एमा हिच्याशी लग्न केले होते आणि एल्समियरची जहागीर त्याला आंदण मिळाली होती. 1205 मध्ये लिवेलिनने जॉन राजाची अनौरस मुलगी जोन हिच्याशी लग्न केले, आणि तिच्याबरोबर त्याला आंदण मिळाली ती तीच एल्समियरची जहागीर. काकाला उलथून टाकणाऱ्या पुतण्याने इंग्लंडच्या राजघराण्याशी नाते जोडण्याचा काकाचा मार्ग मात्र सोडला नाही. वेल्श लोक जोनला शुवान म्हणत.

हे लग्न लिवेलिनला दोन कारणांनी हवे होते. एक तर जॉनसारखा शेजारी सासरा झालेला बरा. दुसरे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे, म्हणजे या राणीच्या पोटी येणारा मुलगा इतर सगळ्या मुलांपेक्षा निर्विवाद वरचढ ठरेल. काकांच्या पिढीत काय झाले ते लिवेलिनने पाहिले होते. गादी एकाच मुलाला मिळायची असेल तर त्या मुलाला इतरांपासून वेगळे काढणारी खूण हवी. चर्चने लावलेले लग्न आणि राजवंशातली आई ही ती खूण.

तिची किंमत मात्र लगेच कळून आली. 1211 मध्ये जॉनने ग्विनेदवर स्वारी केली, बँगर जाळले, आणि लिवेलिनला शरण यावे लागले. तहाची बोलणी करायला त्याने जोनलाच बापाकडे पाठवले. त्या तहात एक कलम होते: जोनपासून लिवेलिनला वारस झाला नाही तर त्याचे राज्य इंग्लंडच्या राजाकडे जाईल. ग्रिफिद हा मुलगा जिवंत असताना हे लिहून घेतले गेले, आणि त्याच ग्रिफिदला ओलीस म्हणून नेण्यात आले. म्हणजे ‘जोनच्या मुलाशिवाय दुसरा वारस नाही’ हा नियम प्रथम कागदावर उतरला तो जॉनच्या फायद्यासाठी. चार वर्षांनी सरदारांनी जॉनला मॅग्ना कार्टावर मोहोर उठवायला लावली, तेव्हा तिच्या 58 व्या कलमात लिवेलिनच्या मुलाला आणि वेल्समधून आणलेल्या इतर ओलिसांना सोडण्याची हमी घ्यावी लागली. इंग्लंडच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या सनदेत ग्रिफिदचा उल्लेख आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते.

सुटून आलेला हा मुलगा आता तरुण झाला होता आणि जुन्या कायद्याप्रमाणे त्याचा हक्क होता. तरीही लिवेलिनने दाविदची निवड पक्की करत नेली. 1222 मध्ये त्याने पोप तिसरा होनोरियस याच्याकडून मान्यता मिळवली. दासीचा मुलगा आणि स्वतंत्र स्त्रीचा मुलगा यांना सारखाच वारसा देणारी आपल्या देशातली रूढी निंद्य आहे, म्हणून आपण ती मोडली, असे त्याने पोपला कळवले होते. बायबलमधील अब्राहामची बायको सारा आणि दासी हागार यांच्या मुलांची ती भाषा. ज्या कायद्यात बापाचे पाप मुलाच्या आड येत नव्हते, त्या कायद्याला एका वेल्श राजानेच निंद्य म्हणावे, आणि तेही आपल्या थोरल्या मुलाला बाजूला सारण्यासाठी, हे वाचून वाईट वाटते. पण त्याच्यापुढे पेंत्राएथ होते. 1226 मध्ये पोपने जोनला औरस ठरवले, कारण जिच्या मुलाचे औरसपण हा सगळ्या व्यवस्थेचा पाया, ती स्वतःच अनौरस होती. 1229 मध्ये दाविदने इंग्लंडचा तिसरा हेन्री याच्यापुढे मांडलिकीची शपथ घेतली. हेन्री हा जोनचा सावत्र भाऊ, म्हणजे दाविदचा मामा. 1238 मध्ये अस्त्राद फ्लिरच्या मठात वेल्सच्या सर्व सरदारांनी दाविदशी निष्ठेची शपथ वाहिली. त्यांनी त्याचे मांडलिक होण्याची शपथही घ्यावी असा बेत होता, पण हेन्रीने आधीच पत्रे पाठवून ते अडवले. भाच्याचा वारसा मामाला चालत होता. वेल्सचे सरदार भाच्याचे मांडलिक होणे चालत नव्हते.

मुलींच्या सोयरिकींतही लिवेलिनने हीच नीती चालवली. एलेन चेस्टरच्या अर्लच्या पुतण्याला आणि वारसाला दिली, मार्गारेट आणि ग्लाद्यूस सीमेवरच्या ब्रेओस घराण्यात दिल्या, आणि ग्लाद्यूसचे दुसरे लग्न मॉर्टिमर घराण्यात झाले. या मॉर्टिमरांच्या वंशातूनच पुढे 1461 मध्ये चौथा एडवर्ड इंग्लंडच्या गादीवर आला. दाविदसाठी विल्यम द ब्रेओसची मुलगी इसाबेला ठरवली होती आणि तिच्याबरोबर बिल्थचा किल्ला आंदण मिळणार होता. 1230 च्या ईस्टरच्या सुमारास हा विल्यम लिवेलिनच्या घरी पाहुणा असताना रात्री जोनच्या दालनात सापडला. लिवेलिनने त्याला भर दिवसा लोकांदेखत फासावर चढवले आणि जोनला कैदेत टाकले. त्यानंतर त्याने विल्यमच्या विधवेला पत्र लिहून विचारले की ठरलेले लग्न करायची तिची इच्छा अजून आहे का. तिची मुलगी दाविदची बायको झाली. वर्षभराने जोन कैदेतून सुटून पुन्हा राणी म्हणून वावरू लागली, आणि 1237 मध्ये ती वारली तेव्हा लिवेलिनने तिच्या स्मरणार्थ लानवाएस येथे मठ बांधला. हे पत्र मी प्रथम वाचले तेव्हा ते मला केवळ थंड हिशेबाचे वाटले होते. आता वाटते की त्या माणसाने आपल्या सगळ्या आयुष्याची बांधणी ज्या एका मुलावर केली होती, त्याच्या आईला आणि सासरला त्याज्य ठरवले असते तर ती बांधणीच कोसळली असती. मठ बांधताना मात्र त्याला कोणताही हिशेब साधायचा नव्हता.

नातवंडे

लिवेलिन गेल्यावर साधारण महिनाभराने दाविदने ग्लॉस्टरला जाऊन मामापुढे शपथ घेतली. हेन्रीने त्याला ग्विनेदचा राजा मानले, पण बापाने वेल्सभर मिळवलेले वर्चस्व मानले नाही. दाविदने ग्रिफिदला कैदेत टाकले होते. ग्रिफिदची बायको सेनाना हिने 1241 मध्ये हेन्रीशी करार केला: राजाने तिच्या नवऱ्याला सोडवावे आणि त्याच्या हक्काचा निवाडा करावा, त्याबद्दल ती 600 मार्क देईल. (मार्क हे नाणे नव्हते, हिशेबाचे परिमाण होते, एक मार्क म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश.) हेन्रीने स्वारी करून दाविदला नमवले, ग्रिफिदला ताब्यात घेतले आणि लंडनच्या टॉवरमध्ये नेऊन ठेवले. दाविदकडून त्याने लिहून घेतले की तो निपुत्रिक मेला तर राज्य इंग्लंडच्या राजाकडे जाईल. हे जॉनचे तीस वर्षांपूर्वीचे कलमच होते. आता भाचा हातात होता आणि त्याचा प्रतिस्पर्धीही. 1 मार्च 1244 च्या रात्री, वेल्सच्या संत डेव्हिडच्या दिवशी, ग्रिफिदने चादरी बांधून दोर केला आणि टॉवरच्या भिंतीवरून खाली उतरू लागला. तो अंगाने जड होता. दोर तुटला आणि तो मान मोडून मेला. मॅथ्यू पॅरिस या मठवासी इतिहासकाराने त्या प्रसंगाचे चित्र आपल्या बखरीच्या समासात काढून ठेवले आहे. दोन वर्षांनी दाविदही वारला, आणि इसाबेलाला मूल झाले नव्हते.

म्हणून गादी गेली ती ग्रिफिदच्याच मुलांकडे, म्हणजे ज्या शाखेला बाजूला सारण्यासाठी पोपपर्यंत धाव घेतली होती तिच्याकडे. ते चौघे होते: ओवाइन, लिवेलिन, दाविद आणि रोद्री. हेन्रीने वाटणीला उत्तेजन दिले, आणि इंग्लंडच्या राजाने वेल्श रूढीचा पुरस्कार करण्याचे कारण उघड होते. 1255 मध्ये ब्रिन देर्विनच्या लढाईत लिवेलिनने ओवाइन आणि दाविद या भावांना हरवले. थोरल्या ओवाइनला त्याने वीस वर्षांहून अधिक काळ कैदेत ठेवले, आणि हवेल वोइल या कवीने त्या कैदेविरुद्ध काव्य रचले. जुन्या न्यायाची जाणीव लोकांच्या मनातून गेली नव्हती हे त्यावरून दिसते. 1267 मध्ये माँटगमरीच्या तहाने हेन्रीने लिवेलिनला ‘वेल्सचा राजपुत्र’ ही पदवी मान्य केली. 1272 मध्ये धाकट्या रोद्रीने 1,000 मार्कांच्या बोलीवर आपला हक्क लिवेलिनला विकला.

या लिवेलिनने लग्न फार उशिरा केले, आणि माझ्या दृष्टीने त्याची सर्वांत मोठी चूक तीच. आजोबांच्या आयुष्याचा धडा समोर असताना तो पन्नाशीपर्यंत वारसाविना राहिला, त्यामुळे भाऊ दाविद हाच त्याचा वारस, आणि हा दाविद पुन्हा पुन्हा शत्रूला मिळत होता. 1274 मध्ये त्याने पोविसच्या राजाशी मिळून भावाच्या खुनाचा कट केला, आणि त्यातही एक सोयरीक होती: दाविदला गादी मिळाल्यावर त्याची मुलगी पोविसच्या राजपुत्राला द्यायची. बर्फाच्या वादळाने तो कट फसला. लिवेलिनने जिला मागणी घातली होती ती एलेनॉर ही सिमॉन द माँटफोर्ट या बंडखोर सरदाराची मुलगी आणि हेन्रीची भाची. 1275 मध्ये प्रतिनिधीमार्फत लग्न लागून ती फ्रान्सहून निघाली, आणि हेन्रीनंतर इंग्लंडच्या गादीवर आलेला त्याचा मुलगा पहिला एडवर्ड याच्या माणसांनी तिला समुद्रात पकडले. युद्धात लिवेलिन नमल्यानंतरच, 13 ऑक्टोबर 1278 रोजी, वूस्टर कॅथीड्रलच्या दारात त्यांचे लग्न झाले आणि मेजवानीचा खर्च एडवर्डने केला. 19 जून 1282 रोजी एलेनॉर मुलीला जन्म देऊन वारली. त्याच वर्षी दाविदने सुरू केलेल्या उठावात 11 डिसेंबरला लिवेलिन किल्मेरीजवळ मारला गेला. पुढच्या वर्षी दाविदला श्रूजबरीत हालहाल करून ठार करण्यात आले.

त्यानंतर एडवर्डने या घराण्याची यादी काळजीपूर्वक मिटवली. लिवेलिनची तान्ही मुलगी ग्वेनलियन लिंकनशरमधील सेम्परिंगमच्या मठात पाठवली गेली. 1337 मध्ये, 54 वर्षांची होऊन, ती तिथेच वारली. दाविदच्या दोन्ही मुलांना ब्रिस्टलच्या किल्ल्यात टाकले. एक काही वर्षांत मेला, आणि दुसऱ्याला रात्री लोखंडाने बांधलेल्या लाकडी पिंजऱ्यात ठेवावे, असा हुकूम 1305 मध्ये निघाला. 1284 च्या रडलन कायद्याने एडवर्डने वेल्श लोकांची जमीन मुलांत समान वाटण्याची रीत तशीच चालू ठेवली; अनौरस मुलांचा हक्क मात्र काढून टाकला.

यादीतून सुटला तो रोद्री, कारण त्याने आपला हक्क विकला होता. तो इंग्लंडमध्ये एक साधा जमीनदार म्हणून राहिला आणि मेला. त्याचा नातू ओवाइन फ्रान्सच्या राजाच्या सैन्यात सेनानी झाला, आणि आपण वेल्सच्या गादीचे खरे वारस आहोत असे त्याने जाहीर केले. 1378 मध्ये मॉर्तान्य येथे वेढा घालून बसलेला असताना जॉन लॅम्ब नावाच्या माणसाने विश्वासात शिरून त्याचा खून केला. इंग्लंडच्या सरकारी हिशेबात त्या कामाबद्दल लॅम्बला दिलेल्या 20 पौंडांची नोंद आहे.